हरभऱ्याची आंब

हरभऱ्याचे डहाळे विकणारी बाई दारावर आली की मी घाटे बघत नाही, आधी पानं चाखते. तिला ते मुळीच आवडत नाही. "मास्तरीणबाय, घ्याचं असंल तर घ्या, शेळीवानी पाला कावून चाटायलाव?" असं ती दर थंडीत म्हणते, आणि मी दर थंडीत एक पेंडी घेऊन तिची समजूत काढते. जिभेच्या शेंड्याला तो आंबट-खारट चटका बसला की माझी थंडी सुरू होते. भिंतीवरच्या कॅलेंडरातली थंडी तोवर अर्धी संपलेली असते.

हरभऱ्यावर रात्रभर दंव पडतं आणि पानांच्या लवेतला आंबटपणा त्या दंवात उतरतो. त्याला आंब म्हणतात. माझ्या लहानपणी ती गोळा करणं हे माझं काम. संध्याकाळी धुवट, जुनेर झालेलं फडकं पिकावर अंथरून यायचं. उजाडायच्या सुमाराला ते ओलंजड फडकं उचलायचं आणि मातीच्या बोळक्यात पिळायचं. फडकं गार, हात बधिर, आणि बोटांच्या पेरांवर कुठं कापलं असलं की तिथं झोंबून डोळ्यांत पाणी. बोळक्यात जे जमायचं ते बघायला थेट पाण्यासारखं. थोडं गढूळ, वाळूत खोदलेल्या झिऱ्यातल्या पहिल्या वाटीइतपत. आई ती बाटलीत भरून ठेवायची आणि पोट दुखलं, ऊन लागलं, अन्न पचेना झालं की सगळ्या वस्तीला चमचा चमचा वाटायची.

आमचं गाव गेवराईपासून चार कोसांवर, गोदावरीकडच्या काळ्या रानात. राज्य निजामाचं. कचेरीतून कागद आला की तो उर्दूत असायचा, आणि आमचे वडील मास्तर असूनसुद्धा तो मुलाण्याकडं घेऊन जायचे. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत ख्रिस्ती झालेली नऊ घरं होती. धर्म बदलला तरी गावाचा आड काही बदलला नव्हता. त्याच्या पायरीला आम्हाला शिवू देत नसत. आमचं पाणी नदीच्या वाळूत खोदलेल्या झिऱ्याचं. खड्ड्यात पाणी पाझरायची वाट बघत बसायचं आणि वाटीवाटीनं घागर भरायची. एका घागरीला अख्खी सकाळ जायची. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या घागरीवरून झालं.

त्या दिवसांत आमच्या भागात ख्रिस्ती लोकांचे दोन पंथ होते, आणि गाव त्यांना शिंपडे आणि बुडवे म्हणायचं. गावाची नावं ठेवायची पद्धत रोखठोक, पण त्यात चूक काही नव्हती. आम्ही शिंपडे. आमच्यात तान्ह्या मुलाला पाळकसाहेब मांडीवर घेत, पितळी वाटीत तीन बोटं बुडवत, आणि कपाळावर पाणी लावून पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेत. थंडीत ते पाणी आधी कोमट करून घेत. मूल दचकू नये म्हणून. बुडव्यांमध्ये लेकराला हात लावायचा नाही. माणूस मोठा व्हावा, त्याला आपलं पाप कळावं, त्यानं स्वतःच्या तोंडानं विश्वास बोलून दाखवावा, आणि मग नदीत छातीइतक्या पाण्यात उभं करून त्याला मागं झुकवून पुरता बुडवायचा. डोक्याचा केससुद्धा वर राहता कामा नये. उन्हाळ्यात नदी आटली की त्यांचे बाप्तिस्मे खोळंबत, आणि मग दोन कोसांवरच्या डोहापर्यंत गाणी म्हणत मिरवणूक जायची. पलीकडं जालन्याच्या अंगाला तिसरे लोक होते. ते मुलाच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवत, छातीला तेल लावत, हातात मेणबत्ती देत आणि डोक्यावरून पाणी ओतत. माझी एक मावशी तिकडं दिलेली होती. ती सांगायची, मीठ लागलं की पोरं अशी तोंडं करतात की सैतान खरंच पळून जात असेल.

गंमत म्हणजे आमच्या घरात दोन्ही पाणी नांदत होती. आई जन्माची शिंपडी. वडील मात्र विसाव्या वर्षी, पौषातल्या थंडीत, गोदावरीत बुडालेले. आमचे लोक त्यांचं बुडणं मानायचे. त्यांचे लोक आमचं शिंपडणं मानत नव्हते. त्यामुळं वडील लग्न करून आमच्यात आले ते सुखानं आले, पण त्यांचे थोरले भाऊ मात्र त्या लग्नात जेवले नाहीत. त्यांना मी मोठेबाबा म्हणायचे. चौसाळ्याकडं राहायचे आणि बुडव्यांचे उपदेशक होते. आवाज खणखणीत, मन मऊ, आणि जिभेला हाड नाही. "कोंबट पान्यात जुना मानूस, आतला पापी मानूस, मरत न्हाई रं," असं ते वडिलांना म्हणायचे, आणि आई चुलीपाशी बसून, त्यांना ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात, "गार पान्यात तरी कुटं मेलाय," असं म्हणायची.

पण आईच्या मनात एक जागा होती, तिथं थट्टा चालत नसे. माझ्या पाठीवर तिला एक मुलगी झाली होती आणि दोन तासांत गेली. पाळक लांब होते, पाणी लागलं नाही, नाव ठेवलं गेलं नाही. आमच्या पंथाचा नियम असा की बाप्तिस्मा नसलेल्याला पुरताना पुस्तक वाचायचं नाही, आणि दफनभूमीच्या कुंपणाच्या आत जागा द्यायची नाही. कुंपण म्हणजे तरवडाची झुडपं, पिवळ्या फुलांची. त्या मुलीला त्या झुडपांच्या पलीकडं पुरली. पुढच्या पावसात ती जागा सपाट झाली आणि आईला ती पुन्हा नेमकी सापडली नाही. रविवारी प्रार्थनेहून येताना ती त्या बाजूला मान वळवून चालायची. मला वाटायचं, तिला फुलं आवडतात.

पुढं नवे पाळकसाहेब आले. आईनं त्यांना सगळ्या बायकांच्या देखत विचारलं, "साहेब, जीव जायला लागला आन् तुमी लांब असलाव, तर काय करावं?" त्यांनी सांगितलं, वाट बघू नका. कुणीही पाणी घाला आणि तीन नावं घ्या. "बाईनं घातलं तर?" चालेल. "मंडळीबाहेरच्या, दुसऱ्या धर्माच्या बाईनं?" साहेब म्हणाले, "हात कुणाचाही असो. शब्द खरे हवेत आणि पाणी खरं हवं." आईनं ते वाक्य घरी येईपर्यंत घोकलं. मीही तिच्या बोटाला धरून घोकलं. पाणी खरं हवं.

मी नऊ वर्षांची असताना जी थंडी आली, तिच्यात आई पुन्हा दिवसांत होती. ती थंडी अजून माझ्या अंगावर आहे. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा फुलावर, सकाळी धुकं इतकं की नदी कुठली आणि रान कुठलं ते कळू नये. पिंजारी दरवर्षीसारखा गावात उतरला होता आणि दिवसभर त्याच्या धनुकलीचा टंग्‌ टंग्‌ आवाज वस्तीपर्यंत यायचा. कापसाचे तंतू हवेत तरंगायचे आणि बाभळीच्या काट्यांना अडकून राहायचे. त्या पिंजाऱ्याची बायको रहिमतबी सुईण होती. गादी-रजई नवऱ्याच्या हातची आणि त्या रजईत निजणारं लेकरू बायकोच्या हातचं, असं गावात म्हणत. थंडी हाच पाळकसाहेबांच्या दौऱ्याचा हंगाम; तंबू घेऊन ते गावोगाव फिरत आणि वडील त्यांच्यासोबत. घरात बाईमाणूस एकटं नको म्हणून त्या दिवसांत मोठेबाबा चौसाळ्याहून आमच्याकडं येऊन राहिले होते.

त्या सकाळी आईनं मला उठवलं आणि म्हणाली, "सगू, आदी झिऱ्यावर जा. घागर रिती हाय." मी बरं म्हटलं आणि निघाले हरभऱ्याकडं. मला धुक्यातलं ते रान आवडायचं, एवढंच कारण. पायाखाली गार माती, फडक्यावर लाखो थेंब, आणि सगळीकडं असा शांतपणा की आपण पाण्याखाली चालतोय असं वाटावं. मी फडकं सावकाश पिळलं. दोनदा बोटं चाटली. झिऱ्यावर काय, नंतर जाऊ, म्हणत बोळकं घेऊन घरी आले. तर दारात मोठेबाबा उभे आणि आत रहिमतबी. मूल दिवस भरायच्या आधीच आलं होतं.

मुलगा होता. निळसर, मुठीएवढा, आणि रडत नव्हता. मांजराच्या पिलासारखा मधूनच आवाज करायचा. आईला हातसुद्धा उचलवत नव्हता. तिनं रहिमतबीला म्हटलं, "माज्या म्होरं म्हन. मी बोलती तसं बोल आन् त्याच्या डोस्क्यावर पानी घाल." रहिमतबीनं हे कधी केलेलं नव्हतं, पण मरणाऱ्या लेकराची आई सांगते ते ऐकायचं हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. ती माझ्याकडं वळून ओरडली, "अगे बेटी, पानी लाव! जल्दी लाव!"

चुलीवर पातेलं होतं, पण ते उकळत होतं. घागर रिकामी होती. झिरा नदीवर होता. माझ्या हातात बोळकं होतं. मी ते पुढं केलं.

खोलीत धूर होता, अंधारून आलेलं होतं, आणि रहिमतबीला सर्दी झालेली. तिनं बोळकं घेतलं, सवयीनं "बिस्मिल्ला" म्हटलं, आणि मग आई एकेक शब्द सांगत गेली तशी ती एकेक शब्द म्हणत गेली. शांतवन, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. प्रत्येक नावाला ती थोडी आंब ओतायची. शांतवननं डोळे गच्च मिटले आणि तोंड वाकडं केलं. मला मावशीची मिठाची गोष्ट आठवली. तो त्याच संध्याकाळी गेला, आईच्या कुशीत, काहीही गडबड न करता.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर वडील आणि पाळकसाहेब तट्टावरून आले. निरोप वाटेतच मिळाला होता. वडील सरळ आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. अंगणात बाजेवर साहेब, पुढं रहिमतबी, आणि लिंबाला टेकून मोठेबाबा. आई आत, दाराच्या जवळ, शांतवनला घेऊन. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं की आता काय ठरायचंय: झुडपांच्या आत की बाहेर. आई काल संध्याकाळपासून रडली नव्हती. ती फक्त दाराकडं बघत होती.

मोठेबाबा आधी बोलले. "साहेब, मी दारातच हुतो. बाईनं बिस्मिल्ला म्हनलं. मी माज्या कानानं ऐकलं. खोटं कशाला बोलू?" मग स्वतःलाच वाईट वाटल्यासारखं पुढं म्हणाले, "आन् माजं म्हननं इचाराल तर ह्या लेकराला पान्याची गरजच न्हाई. त्यानं काय पाप केलंय? त्याला कुनी दारात अडवत न्हाई." हे ते मनापासून बोलत होते. आज मागं वळून बघताना वाटतं, त्या अंगणात सगळ्यात मोठा दिलासा त्यांच्याच जवळ होता, आणि नेमका तोच आईला चालणारा नव्हता. तिला पुस्तक हवं होतं, नाव हवं होतं, आणि झुडपांच्या आतली हातभर जागा हवी होती.

साहेबांनी रहिमतबीला विचारलं. ती म्हणाली, "साहब, मैं हर काम बिस्मिल्ला बोलकेच करती. रोटी डालूं तो बी, बच्चा हात में लेऊं तो बी. मुंह से निकल गया. उसके आगे बाई जो बोली, मैं वोच बोली." तिला शब्द म्हणून दाखवायला सांगितले. तिनं म्हटले, एकही न चुकता. साहेब खाली मान घालून बसले. पिंजाऱ्याची धनुकली त्या दिवशी बंद होती. मग ते म्हणाले, "देवाचं नाव घेऊन सुरुवात केली म्हणून देवाचं काम बिघडत नाही. शब्द खरे आहेत." मोठेबाबांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. आणि साहेब म्हणाले, "पाणी कुठलं होतं?"

रहिमतबीनं माझ्याकडं बोट केलं. "बच्ची लाई."

सगळे बिस्मिल्लावर अडलेले असताना मी लिंबाच्या बुंध्यामागं उभी राहून याच प्रश्नाची वाट बघत होते. साहेब माझ्याकडं वळले. मी तोंड उघडलं. मी खरं सांगणार होते, हे मला अजून पक्कं आठवतं. खरं सांगावं हे मला त्यांनीच शिकवलेलं. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. अशक्त, पण ठाम. "झिऱ्याचं पानी हुतं, साहेब. पोरीनं सकाळीच आनलेलं."

साहेबांनी मला विचारलं, "होय ना सगू?"

मी म्हटलं, "व्हय."

शांतवनला झुडपांच्या आत पुरलं. खड्डा मोठेबाबांनी खणला, कुणाला हात लावू दिला नाही. साहेबांनी पुस्तक वाचलं. वडिलांनी वहीत नाव लिहिलं. जन्म, बाप्तिस्मा आणि मरण एकाच तारखेला. रहिमतबी झुडपांच्या बाहेर उभी होती आणि पदर पसरून तिच्या पद्धतीनं काहीतरी म्हणत होती. आई त्या दिवशी रडली. खूप रडली, आणि तिला बरं वाटलं असं सगळे म्हणाले. मी रडले नाही. मला बरंही वाटलं नाही. आईला माहीत नाही, घागर रिकामी होती हे तिच्या लक्षात नाही, आणि मी तिच्या शांतवनला खोटं पाणी दिलं, हे एवढं एक वाक्य मी त्या दिवसापासून वागवत राहिले.

पुढं मी शिकले, मास्तरीण झाले. पुष्कळ बाप्तिस्मे पाहिले. कोमट पाण्याचे, नदीचे, एकदा तर नदी आटली म्हणून विहिरीच्या पायऱ्यांवर झालेला. प्रत्येक वेळी मूल रडायचं, मोठी माणसं थंडीनं कुडकुडायची, आणि मी पाण्याकडं बघत राहायचे. दंव म्हणजे पाणीच ना? आभाळातून पडतं, कुणाच्या आडाचं नसतं, कुणी शिवू नको म्हणत नाही. मग पानावर टेकून आंबट झालं म्हणून ते पाणी राहत नाही का? एकदा धीर करून मी एका पाळकांना विचारलंसुद्धा. ते हसले आणि म्हणाले, "बाई, शाळेला सुट्टी लागली वाटतं." मोठेबाबांना विचारलं असतं तर त्यांनी चुटकीसरशी सोडवलं असतं, लेकराला पाणी लागतच नाही म्हणाले असते. पण त्यांना मी विचारलं नाही, आणि ते गेल्यावर वाटलं, विचारायला हवं होतं. रहिमतबी तर त्याआधीच गेली होती. तिच्या मातीला आई चार कोस, गेवराईपर्यंत, चालत गेली होती.

आई फार थकली तेव्हाची एक थंडी. ती माझ्याकडं राहायला आलेली. दुपारचं ऊन अंगणात, ती रजईवर बसलेली, आणि मी डहाळ्यांची पेंडी तिच्यापुढं टाकली, घाटे सोलायला. तिची बोटं वाकडी झाली होती, तरी सोलत होती. मी तिच्याकडं न बघता सांगितलं. घागर, झिरा, बोळकं, सगळं. चाळीस वर्षं धरून ठेवलेलं सांगायला चार वाक्यं लागली.

तिचा हात थांबला नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"तुला कुनी सांगितलं?"

"कुनी सांगाया कशाला पायजे? त्याचा मुका घेतला तवा कपाळ आंबट लागलं."

अंगणातल्या उन्हात कापसाचा एक तंतू तरंगत होता, कुठून आला कुणास ठाऊक. मी विचारलं, "मग साहेबांना झिऱ्याचं पानी कावून म्हनलीस?"

तिनं एक घाटा फोडला, दाणा माझ्या हातावर ठेवला. "त्या दिशी मला दोन लेकरं आत घ्याची हुती, सगू. एक त्यो, आन् एक लिंबामागं हुबी हुती."